धागा होणारा दगड

उत्पला मेश्रामला एक कोडं पडलं होतं. ते गणिताच्या पुस्तकातलं नव्हतं. ते घराच्या ओसरीवर खाटेवर बसलेलं असायचं, आणि त्याला दम लागायचा.

ते कोडं म्हणजे तिचे आबाजी, आईचे वडील, दयाराम खोब्रागडे. तरुणपणी त्यांनी पैनघाटच्या वीजकेंद्रात काम केलं होतं. तिथं कोळसा जाळून पाण्याची वाफ करायचे आणि वाफेच्या जोरावर चक्र फिरवून वीज काढायचे. ती नोकरी सोडून तीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता. नंतर आबाजींनी भाजीचा मळा केला, सायकलवर पालेभाजीचे भारे लादून बाजार गाठले, गावातल्या पोरांना कबड्डी शिकवली. बिडीला कधी हात लावला नाही. आणि आता उत्पला सहावीत असताना त्यांची गत अशी झाली होती, की ओसरीवरून अंगणातल्या नळापर्यंत जायचं तरी मध्ये भिंतीला टेकून थांबावं लागे.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. फुप्फुसांवर कोळ्यानं जाळं विणावं तशा रेषा दिसत होत्या. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. मग विचारलं, "बिडी किती ओढायचे?"

"एकही नाही," आबाजी म्हणाले.

डॉक्टर नुसते हसले. गावातही लोक तसेच हसत. "लपून ओढत असेल म्हातारा," असं कुणीतरी बोललेलं उत्पलानं स्वतः ऐकलं होतं. तिला राग आला होता, पण उत्तर देता आलं नव्हतं. कारण तिलाही कळत नव्हतं. वीजकेंद्र तर केव्हाच सुटलं. मग हा आजार इतक्या वर्षांनी आला कुठून?

त्या काळात कोळशावर चालणारी वीजकेंद्रं एकामागून एक बंद होत होती. पैनघाटचं केंद्रही थंड पडलं होतं. त्याच्या उंच धुराड्यावर आता घारी बसत. आजूबाजूच्या माळरानावर सौरपट्ट्यांची रांगच रांग उभी राहिली होती, आणि दिवसा मिळालेली उन्हाची वीज संध्याकाळसाठी साठवायला मोठी जागा हवी होती. जुन्या केंद्राच्या दालनांत प्रचंड बॅटऱ्या बसवायचं ठरलं. त्यासाठी आतली जुनी यंत्रं, पाइप, टाक्या उतरवायचं काम सुरू झालं. उत्पलाची आई ज्योत्स्ना तिथल्या पाइप उतरवणाऱ्या तुकडीची प्रमुख होती.

दिवाळीची सुट्टी होती. उत्पलाचे बाबा रस्त्याच्या कामावर गडचिरोलीकडे गेले होते, म्हणून आईचा डबा पोचवायचं काम उत्पलाकडे आलं. फाटकाशी कामगारांच्या विसाव्याची खोली होती, तिथं ती डबा घेऊन बसायची. तिथंच तिची टिटवीशी ओळख झाली.

टिटवी हा यंत्रमानव होता, पण माणसासारखा मुळीच दिसत नसे. दोन काटकुळे लांब पाय, त्यावर पिंपाएवढं अंग आणि सारखं इकडंतिकडं वळणारं छोटं डोकं. पाणथळ जागी फिरणाऱ्या टिटवीसारखं दिसतं म्हणून कामगारांनीच हे नाव ठेवलं होतं. कुठल्याही खोलीत तुकडी शिरण्याआधी टिटवी आत जाई, हवा तपासे, छत कमकुवत आहे का, तारेत वीज उरली आहे का ते बघे, आणि मगच माणसं आत जात. तिनं 'थांबा' म्हटलं की काम थांबवायचं, असा तिथला नियम होता. नियम सगळ्यांना माहीत होता. तो पाळायची वेळ मात्र फारशी आली नव्हती.

त्या दुपारी आईला यायला उशीर झाला, म्हणून उत्पला डबा घेऊन जुन्या बाष्पकाच्या (पाण्याची वाफ करणाऱ्या अवाढव्य भट्टीच्या) दालनापर्यंत गेली. दाराबाहेर जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला होता. त्याच्या पलीकडे जायची तिला मनाई होती. ती पट्ट्याच्या अलीकडे उभी राहिली.

आत दूरवर आईची तुकडी एका जाड पाइपापाशी काम करत होती. पाइपावर पत्र्याचं वेष्टण होतं. भास्कर नावाच्या कामगारानं पहारीनं ते उचकटलं, तसा पत्र्याखालून पांढरट राखाडी लेपाचा मोठा पोपडा सुटला आणि खाली पडून फुटला. पिठाची गोणी फाटावी तशी भुकटी उडाली.

टिटवीचं डोकं गर्रकन वळलं. "थांबा," ती म्हणाली. "कुणीही काही हलवू नका. हत्यारं आहेत तिथंच ठेवा. पंखा बंद करा."

पंखा बंद झाला. सगळे जागच्या जागी उभे राहिले. दालनाच्या टोकाला उभे असलेले साईटचे प्रमुख घाटेसाहेब लगबगीनं पुढं आले. वाईट माणूस नव्हता तो. कामगारांच्या चहापाण्याची चौकशी करायचा, कुणाच्या घरी अडचण असली तर रजा द्यायचा. पण बॅटऱ्या घेऊन येणारे ट्रक वाटेत होते आणि दालन अजून निम्मंही मोकळं झालं नव्हतं.

"अरे, चुना आहे तो," घाटेसाहेब म्हणाले. "जुन्या पाइपांवर लावायचे. भास्कर, झाडू घे आणि कर साफ."

"टिटवी ओरडली, साहेब. अपशकुन झाला," भास्कर हसत म्हणाला आणि कोपऱ्यातला झाडू घ्यायला वळला.

दारातून उत्पलाला सगळं दिसत होतं. तिनं मोठ्यानं विचारलं, "टिटवी, तो चुना आहे का?"

"मला माहीत नाही," टिटवी म्हणाली.

"मग तू थांबवलंस काहून?"

"मला माहीत नाही, म्हणूनच थांबवलं."

टिटवी पुढं बोलू लागली. "माझा प्रकाशझोत उडणाऱ्या कणांवर पडतो, तेव्हा त्यांचा आकार मला कळतो. चुन्याचे कण गोलसर असतात. हे लांबट आहेत, दोऱ्याच्या तुकड्यांसारखे. ती काचेची लोकर असू शकते, कापूस असू शकतो, किंवा ॲस्बेस्टॉस. कोणतं ते मला इथून सांगता येत नाही. खात्री होईपर्यंत यातलं सगळ्यात वाईट जे आहे, तेच समोर आहे असं धरून चालायचं."

"सर्वेक्षण झालंय या दालनाचं," घाटेसाहेब वैतागले. "ॲस्बेस्टॉस आढळलं नाही असं लिहून आलंय."

"सर्वेक्षण करणाऱ्यांना पत्र्याच्या आतलं दिसलं नव्हतं. आढळलं नाही याचा अर्थ तिथं नाही, असा होत नाही."

भास्करच्या हातात झाडू तसाच राहिला. त्यानं ज्योत्स्नाकडे पाहिलं. उत्पलानंही आईकडे पाहिलं. आईनं तोंडावर कामाचा मुखवटा चढवलेला होता, तिचे फक्त डोळे दिसत होते.

"झाडू ठेव भास्कर," आई म्हणाली. "साहेब, आम्ही बाहेर जाऊन राहिलो. तुम्हीपण चला."

"ज्योत्स्नाताई, एवढ्याशा भुकटीसाठी—"

"एवढीशीच आहे न? मग ती पळून जात नाही. तपासू द्या."

पाच-सहा माणसं हळूहळू, पाय न आपटता बाहेर निघाली. शेवटी आई आली आणि तिनं दालनाचं दार ओढून घेतलं. उत्पला डबा टाकून तिच्याकडे धावली.

"जवळ येऊ नको!" आई ओरडली.

उत्पला जागच्या जागी थिजली. आई आपल्यावर अशी कधी ओरडली नव्हती. आईच्या खांद्यावर आणि बाह्यांवर ती पांढरी भुकटी बसलेली तिला दिसली.

"तिथंच थांब, बेटा," आई आता हळू बोलली. "माझे कपडे झटकले न, तर ते तुझ्या छातीत जाईल. फाटकाशी जाऊन बस. मी येते."

त्या दिवशी आईला फाटकाशी यायला खूप वेळ लागला. टिटवीनं सांगितलं तसं सगळ्यांनी ओल्या फडक्यांनी एकमेकांचे कपडे हलकेच पुसले. वरचे कपडे भुकटी आतल्या बाजूला राहील असे गुंडाळत उतरवले आणि जाड पिशव्यांत बंद केले. मुखवटा सगळ्यात शेवटी काढला. मग डोक्यावरून आंघोळ केली. कपडे कुणीही घरी धुवायला न्यायचे नाहीत, असं बजावण्यात आलं. दालनाच्या दारावर कुलूप आणि सूचनेचा फलक लागला. विसाव्याच्या खोलीत बसलेल्या उत्पलाला आईचं ते ओरडणं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, आणि डोळे पुसले तरी पुन्हा भरत होते.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून डॉ. सुलभा वैरागडे आल्या. त्या खनिजशास्त्रज्ञ (जमिनीत सापडणाऱ्या खनिजांचा अभ्यास करणाऱ्या) होत्या. वय साठीपुढचं, आवाज घोगरा, चालणं झपझप. पूर्ण अंगभर पोशाख आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा गाळणीचा मुखवटा घालून त्या टिटवीबरोबर आत गेल्या. भुकटीवर आणि पोपड्यावर साबण मिसळलेल्या पाण्याचा बारीक फवारा मारला, लेपाचा नखाएवढा तुकडा काढून डबीत बंद केला, ती डबी पिशवीत घातली आणि पाइपाचा उघडा पडलेला भाग प्लास्टिकनं झाकून टाकला. डबी तपासणीला नागपूरला गेली.

उत्पला फाटकाशीच होती. आईनं नको म्हटलं तरी ती आली होती. वैरागडे मॅडम हातपाय धुऊन विसाव्याच्या खोलीत चहाला बसल्या, तेव्हा तिनं धीर करून विचारलं.

"मॅडम, ॲस्बेस्टॉस म्हणजे काय? विष असते का?"

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "विष नाही. तो दगड आहे. खाणीतून निघणारा साधा दगड. त्याला वास नाही, चव नाही, हाताला भाजत नाही. त्यातली वाईट गोष्ट एकच, त्याचा आकार."

त्यांनी भिंतीवरच्या सूचनाफळ्याजवळचा खडू उचलून टेबलावर दाबला. खडूचे तुकडे झाले, भुगा झाला. "बहुतेक दगड असे फुटतात. आता हे बघ." दाराशी अंबाडीच्या दोरीनं बांधलेलं एक गाठोडं पडलं होतं. त्या दोरीचं टोक त्यांनी सोडवून उत्पलाच्या हातात दिलं. "याचा एक धागा काढ. त्यातून आणखी बारीक काढ."

उत्पला नखांनी धागा सोलत गेली. एकातून दोन निघाले, दोनातले आणखी बारीक झाले. शेवटी उजेडात धरल्याशिवाय दिसेना असा एक तंतू तिच्या बोटात उरला.

"ॲस्बेस्टॉस हा असा सोलत जाणारा दगड. तुझं नख थांबलं, पण तो थांबत नाही. इतका बारीक होतो की तुझ्या एका केसाच्या जाडीत त्याचे शेकडो तंतू मावतील. आगीत जळत नाही, उष्णता अडवतो, दोरीसारखा मजबूत असतो. लोकांना वाटलं, केवढा गुणी दगड! मग वाफेच्या पाइपांना त्याचा लेप दिला, त्याचं कापड विणलं, सिमेंटमध्ये घालून पत्रे केले."

"मग वाईट काय झालं?"

"श्वास घे." उत्पलानं घेतला. "ही हवा कुठं गेली? तुझ्या छातीत एक उलटं झाड आहे. बुंधा गळ्याशी, फांद्या खाली. फांद्यांना डहाळ्या, आणि डहाळ्यांच्या टोकाला पानांच्या जागी हवेचे इवले इवले फुगे. त्यांना वायुकोश म्हणतात. तिथून हवा रक्तात जाते. पिठाचे, मातीचे जाड कण वरच अडकतात. शिंकेतून, खोकल्यातून, बेडक्यातून बाहेर पडतात. हा तंतू मात्र इतका बारीक, की हवेबरोबर तरंगत थेट शेवटच्या फुग्यापर्यंत पोचतो."

"तिथं काही सफाई नाही का?"

"आहे ना. तिथं भक्षकपेशी (आत आलेली घाण गिळून टाकणाऱ्या पेशी) गस्त घालत असतात. त्या तंतूला गिळायला जातात. पण तंतू त्यांच्यापेक्षा लांब. सापानं आपल्याहून लांब काठी गिळायला घ्यावी तसं होतं. गिळताही येत नाही, सोडताही येत नाही. पेशी मरते, तिच्यातला दाहक रस सांडतो, तिथं बारीकशी जखम होते. मग दुसरी पेशी येते. तिचंही तेच. तंतू दगडाचा आहे, तो कुजत नाही, विरघळत नाही. गुडघ्याला खरचटलं की व्रण राहतो ना, कडक? तसे व्रण आत धरत जातात. एकावर एक. वर्षानुवर्षं."

उत्पलानं हातातला अंबाडीचा तंतू टेबलावर ठेवला.

"किती वर्षं?"

"वीस. तीस. चाळीससुद्धा. काही जणांना कर्करोग होतो, तोही असाच उशिरा. माणूस काम सोडतो, गाव बदलतो, विसरून जातो. तंतू मात्र आपलं काम करतच राहतो."

बाहेर कुणीतरी ट्रकचा हॉर्न वाजवला.

"माझे आबाजी इथंच कामाला होते," उत्पला म्हणाली. "त्यांची फुप्फुसं कडक झाली. ते बिडी ओढत नाहीत. खरंच ओढत नाहीत."

वैरागडे मॅडमनी कप खाली ठेवला. "तुझ्या आबाजींना तपासल्याशिवाय मी ठाम सांगणार नाही. पण तू म्हणतेस ते सगळं जुळतंय. मी नागपूरच्या डॉक्टरांना भेटवते त्यांना."

"आणि आई? तिच्या अंगावर काल पडलं ते."

"हा प्रश्न तुझ्या आईनंही मला सकाळीच विचारला. तिला सांगितलं तेच तुला सांगते. किती तंतू गेले आणि किती वर्षं जात राहिले, यावर धोका ठरतो. वर्षानुवर्षं त्या धुळीत राहणं आणि एकदाच काही क्षण, तेही मुखवटा घालून, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. धोका फार थोडा आहे. अगदी नाहीच, असं म्हटलं तर ते खोटं होईल. म्हणून मधूनमधून तपासणी करत राहायची. आणि काल कुणी झाडू मारला असता, तर आज मी वेगळं बोलत असते."

घरी आल्यावर उत्पला आबाजींच्या खाटेच्या कडेला बसली. तिनं सगळं सांगितलं. खडू, अंबाडी, उलटं झाड. आबाजी डोळे मिटून ऐकत होते. तिला वाटलं त्यांना झोप लागली. मग ते बोलू लागले, मध्ये मध्ये श्वास घेत.

"पांढरी माती म्हनत होतो आमी तिले. गोण्यांत यायची. घमेल्यात पानी घालून कालवायची आन् शेण सारवावं तशी पाइपावर थापायची. मऊ लागे हाताले. जुना लेप काढायचा तं दांड्यानं ठोकायचा. अशी धूळ उडे, कापूस पिंजल्यावानी. समोरचा मानूस दिसे न्हाई. तिथंच बसून भाकर खात होतो." ते थांबले. "शंकर गेला. मग लतीफ गेला. किसनाले तं शेवटी झोपताच येत नोतं, बसून रात काढे. आमी म्हनलं, कोळसा बाधला."

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"कोनालेच माहीत नोतं इथं. ज्याले माहीत असन, त्यानं सांगितलं न्हाई." त्यांनी तिचा हात धरला. हात हलका होता, वाळलेल्या पानासारखा. "म्हंजे बाई, बिडी नोती न?"

"नव्हती, आबाजी."

"तुह्या आजीलेपन शेवटपर्यंत वाटे, का मी लपवतो."

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. उत्पलाच्या कोड्याचं उत्तर मिळालं होतं. उत्तर मिळाल्यावर आनंद होतो असं तिला आजवर वाटायचं. तिनं आबाजींच्या पाठीवर हात ठेवला आणि ती तशीच बसून राहिली.

तपासणीचं उत्तर आलं, तेव्हा मॅडमनी घाटेसाहेबांना आणि सगळ्या तुकडीला पडद्यावर चित्र दाखवलं. उत्पलाही आईशेजारी बसली होती. ध्रुवीकृत प्रकाशात (एकाच दिशेनं थरथरणाऱ्या प्रकाशात) सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की प्रत्येक खनिज आपापले रंग दाखवतं. काळ्या पडद्यावर निळे आणि किरमिजी तंतू चमकत होते. रेशमासारखे. इतकं सुंदर काहीतरी इतकं वाईट असेल, यावर उत्पलाचा विश्वास बसेना.

"ॲस्बेस्टॉसच आहे," मॅडम म्हणाल्या.

घाटेसाहेब उठून ज्योत्स्नासमोर आले. "ताई, मी झाडू मारायला सांगत होतो," ते म्हणाले.

"तुम्हीपण आतच होते, साहेब," आई म्हणाली. "तुमचीपण तपासणी करून घ्या."

भास्करनं विचारलं, "मग आता सगळंच तोडून फेकायचं का? त्या मागच्या शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत, तेपण याचेच म्हणता."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "ते पत्रे धड आहेत. सिमेंटनं तंतू पकडून ठेवलेत. तोडायला गेलात तर उलट मोकळे होतील. जे धड आहे त्याला छेडायचं नाही. त्यावर रंगाचा थर द्यायचा, काय आहे ते ठळक लिहून ठेवायचं आणि दरवर्षी तडा गेला का ते बघायचं. जे फुटलंय, भुसभुशीत झालंय, तेच काढायचं, आणि तेही शिकलेल्या माणसांनी."

"आमच्या गावात पुष्कळ घरांवर असे पत्रे आहेत," उत्पला हळूच म्हणाली.

"मग गावात सांग. त्याला भोक पाडायचं नाही, करवतीनं कापायचं नाही, ब्रशनं घासायचं नाही. फुटला तर कोरडा झाडायचा नाही, ओला करायचा आणि जाणत्या माणसाला बोलवायचं. घाबरायचं कारण नाही. पण विसरायचंही नाही."

मग काम सुरू झालं, पण घाईनं नव्हे. ट्रक दुसऱ्या गोदामाकडे वळवण्यात आले. घाटेसाहेबांना वरून बोलणी बसली, ती त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतली. पाइपाभोवती जाड प्लास्टिकचा तंबू उभा राहिला. तंबूला एक यंत्र जोडलं होतं. ते आतली हवा सतत ओढून घेई आणि बारीक गाळणीतून गाळूनच बाहेर सोडे. त्यामुळं तंबूत हवेचा दाब कमी राही. तंबूला कुठं फट पडलीच, तर बाहेरची हवा आत शिरे, आतली हवा बाहेर येत नसे. उत्पलाला ही युक्ती फार आवडली. शिकून आलेली माणसं आत ओल्या लेपाचे तुकडे अलगद सोडवत, टिटवी ते उचलून दुहेरी पिशव्यांत भरी. पिशव्यांवर लाल अक्षरांत नाव असे. तंबू उतरवण्याआधी हवा पुन्हा पुन्हा तपासली गेली. टिटवीनं 'मोकळं' म्हटल्यावरच दाराचं कुलूप निघालं.

पिशव्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. पूर्वी त्या खोल खड्ड्यात पुरत. पण पुरलेला दगडही दगडच राहतो. वीजकेंद्राच्या राखेच्या टेकडीवर त्या वर्षी नवी सूर्यभट्टी उभी राहिली होती. शेकडो आरसे सगळं ऊन एका बंद कुंडावर एकवटत, आणि कुंडातली उष्णता हजार अंशांच्याही पुष्कळ वर जाई. पिशव्या तिथं आणल्या, आणि ज्योत्स्नाची तुकडी व घाटेसाहेबही जमले. वैरागडे मॅडमनी गाडी पाठवून आबाजींनाही आणलं. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या आजाराला आता खरं नाव दिलं होतं. तो बरा होणारा नव्हता. पण प्राणवायूची छोटी नळकांडी आणि श्वासाचे व्यायाम यांमुळं त्यांना थोडं बसता-बोलता येत होतं.

"उष्णता त्या दगडाला जाळू शकत नाही असं म्हणता न?" उत्पलानं विचारलं.

"जाळू शकत नाही. वितळवू मात्र शकते," मॅडम म्हणाल्या. "धागा हा त्याच्या आतल्या कणांच्या मांडणीतून येतो. इतक्या उष्णतेत ती मांडणीच मोडते. थंड झाला की तो काचेसारखा सलग गोळा होतो. त्यातून धागा निघत नाही. रस्त्याच्या पायात घालायला चालेल असा दगड."

आरसे एकेक करून वळले. कुंडाकडे बघवेना असा पांढरा उजेड पेटला. टिटवी शेजारी उभी होती. तिला आता पुढच्या केंद्रावर जायचं होतं. ज्योत्स्नाची तुकडीही ॲस्बेस्टॉस काढायचं खास काम शिकून घेऊन तिच्यामागून जाणार होती.

थंड झालेला आणि तपासून झालेला एक गोळा मॅडमनी आबाजींच्या हातात दिला. काळा, गुळगुळीत, आवळ्याएवढा. आबाजींनी तो उलटसुलट करून पाहिला, अंगठ्यानं दाबला, नखानं खरवडला. मग नाकाजवळची नळी बाजूला केली, दगड ओठांपाशी नेला आणि छातीत जेवढा दम होता तेवढा एकवटून त्यावर फुंकर मारली.

काही उडालं नाही.